संधिवाताच्या बोटांसाठी एअर पिस्तूल घेताना 61,100 रुपये गेले

वय झाल्यावरही ज्यांना 10 मीटर एअर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार सोडवत नाही, त्यांनी हे जरूर वाचावे, कारण आपल्या दुखऱ्या बोटांवरच कोणीतरी धंदा मांडला आहे. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. स्प्रिंगच्या पिस्तुलाची नळी जोर लावून खाली दाबावी लागते, ते आता जमत नाही. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलाची मात्र छोटी कळ उचलली की पुरते, धक्का जवळजवळ बसत नाही आणि लाकडी मूठ हाताच्या ठेवणीप्रमाणे घासून घेता येते. नवे परदेशी पिस्तूल पेन्शनीत परवडत नाही, म्हणून वापरलेले शोधत होतो. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली: 'संधिवात असलेल्या ज्येष्ठांसाठी खास, किंमत 85,000.'

स्वतःला प्रशिक्षक म्हणवणाऱ्या त्या विक्रेत्याला मी ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला किती जोर लागतो ते, विचारले. "फक्त 200 ग्रॅम, काका, बोटाला कळणारसुद्धा नाही," असे तो म्हणाला. तिथेच फोन ठेवायला हवा होता. या प्रकारात ट्रिगरने 500 ग्रॅम वजन पेललेच पाहिजे आणि स्पर्धेत ते वजन टांगून तपासतात, हे रेंजवरच्या नवख्या पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. पण सांध्यांच्या कळांनी ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याला 'हलका ट्रिगर' ऐकून काय वाटते, हे धडधाकट बोटांच्या माणसाने मला सांगू नये. मी 42,500 रुपये आगाऊ पाठवले.

मग 'परवाना शुल्क' म्हणून 18,600 मागितले. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तरी माल कुरिअरने अडवल्याचा छापील कागद त्याने पाठवला आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून मी तेही भरले. त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात 'पिस्तूल' हा शब्द ऐकताच मीच आरोपी असल्यासारखी चौकशी सुरू झाली: परवाना दाखवा, या वयात पिस्तूल कशाला हवे? तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाज ज्या कोल्हापुरात घडल्या, तिथे हे खेळाचे साधन आहे हे अधिकाऱ्याला समजावत बसावे लागते, याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे. नंतर 'खाते परराज्यातले, आमची हद्द नाही' म्हणून मला परत पाठवले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. बँकेने 'पैसे आपण स्वतः पाठवले आहेत' एवढे एका ओळीत कळवून हात झटकले.

पैसे गेल्याचे कळताच आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. ठाण्याच्या फेऱ्या नंतर. स्वतःच्या अंगठ्याने कळ उचलून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. सिलिंडरवरच्या तारखेचा जवळून फोटो मागा, कारण 10 वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरते आहे. फोटोत मुठीवर अंगठ्याजवळ तिरका ओरखडा दिसला, तर विक्रेता तोच आहे.