न्यूरोसर्जरीतली एमसीएच ही पदवी झाली, आता कुठल्या संघटनेचं सभासद व्हायचं?

पुण्यात नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या न्यूरोसर्जनपुढे, म्हणजे मेंदू आणि मणक्याच्या सर्जनपुढे, हा प्रश्न येतोच. परवान्याशी त्याचा संबंध नाही; महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी सक्तीची आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची. संघटना मात्र आपल्या मर्जीची.

माझं पहिलं मत न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाला. जेकब चंडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग यांनी १९५१ मध्ये ती स्थापन केली. त्यातले बलदेव सिंग न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे ऑपरेशन न करता औषधांनी उपचार करणारे. म्हणजे सर्जन आणि फिजिशियन पहिल्यापासून एकाच छताखाली, आणि हेच मला मोलाचं वाटतं. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सच्या रुग्णाचं ऑपरेशन करावं का, हे सर्जनने एकट्याने ठरवायचं नसतं. 'न्यूरॉलॉजी इंडिया' हे नियतकालिकही सोसायटीचंच. पण खरा लाभ वार्षिक परिषदेत. ऑपरेशननंतरचा सीटी पडद्यावर लावावा आणि समोरच्या रांगेतून कुणी ज्येष्ठाने विचारावं, "ड्रेन (जखमेतली निचऱ्याची नळी) कधी काढलास?" खासगी रुग्णालयात एकट्याने काम करणाऱ्याला हे विचारणारं कोणी नसतं.

डोक्याच्या आणि मणक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या न्यूरोट्रॉमा सोसायटी ऑफ इंडियाचा आवाका लहान, पण पुण्यासाठी नेमका. दुचाक्यांचं शहर, रात्रीच्या कॉलमध्ये हेल्मेट नसलेला तरुण आणि डोक्यातला रक्तस्राव नेहमीचाच. तुमची ड्युटी अशी असेल तर दुसरं सभासदत्व इथलं घ्या. याउलट ओपीडीत कंबरदुखी आणि सरकलेल्या चकत्याच जास्त असतील तर असोसिएशन ऑफ स्पाइन सर्जन्स ऑफ इंडिया बरी. तिथे अस्थिरोगतज्ज्ञही असतात. मणक्याची अस्थिरता, स्क्रू, रॉड यांबाबत त्यांचा हात अनेकदा आपल्यापेक्षा सरावलेला असतो; शिकून घ्यायला संकोच नको.

टिळक रोडवरच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) पुणे शाखेकडे बरेच सुपरस्पेशालिस्ट पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. मायक्रोस्कोपखालच्या ऑपरेशनमधली शंका तिथे सुटणार नाही, हे खरं. पण डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे आणि तो वापरायची वेळ आली, तर शहरातले सगळ्या वैद्यकीय शाखांचे डॉक्टर पाठीशी उभे राहतात. शिवाय डोकेदुखीचा रुग्ण सर्वांत आधी ज्यांच्याकडे जातो, ते फॅमिली डॉक्टर इथेच भेटतात. कुठल्या डोकेदुखीला लगेच स्कॅन हवा, हे त्यांच्यापुढे अर्धा तास बोललात तरी एखादी गाठ वेळेत सापडेल.

पहिल्या वर्षी न्यूरोलॉजिकल सोसायटी आणि आयएमए ही दोनच पुरेत. तिसरीचं पुढच्या वर्षी, ऑपरेशन रजिस्टर चाळून ठरवा.