सोयाबीन की तूर? बदलती जागतिक मागणी आणि खरिपाचा निर्णय

मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकरी मृगाच्या सुमारास पीक ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा गेल्या हंगामाचा भाव असतो. त्याऐवजी पुढील दहा वर्षांची मागणी समोर ठेवली, तर सोयाबीन आणि तूर ही एकाच रानात येणारी पिके दोन निरनिराळ्या बाजारांची असल्याचे लक्षात येते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १,०३० कोटींपर्यंत पोचून मग उतरू लागेल. मात्र माणसे वाढणार म्हणून प्रत्येक पिकाला भाव मिळेल, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या २०२४ च्या संयुक्त अहवालानुसार २०३३ पर्यंत जगात शेतमालाच्या वाढीव खपात भारत व आग्नेय आशियाचा वाटा ३१ टक्के असेल, तर आधीच्या दशकात २८ टक्के असलेला चीनचा वाटा ११ टक्क्यांवर येईल.

सोयाबीनला याची झळ थेट बसते, कारण जगातील सोयाबीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोंबड्या, डुकरे आणि इतर जनावरांच्या खाद्यात जातो आणि वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास आयात करणारा चीन हाच त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. त्या गिऱ्हाईकाची भूक मंदावत असताना पुरवठादार ब्राझील हेक्टरी तीन टनांहून अधिक उत्पादन घेतो, आणि आपण सरासरी एक टनाच्या आसपास अडकलो आहोत. आपले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले असल्याने काही परदेशी खरेदीदार त्याला अधिक दर देतात, पण तेवढ्यावर लातूर किंवा वाशिमच्या बाजार समितीतला भाव तरत नाही. देशातील कुक्कुटपालन वाढत आहे, ही जमेची बाजू खरी. परंतु मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि त्याने काही प्रमाणात सोयापेंडीची जागा घेतली. दाण्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला बहुतांश भाग पेंड असल्यामुळे पेंडीचा भाव पडला की सोयाबीनचाही पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवूनही त्या हंगामात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

तुरीचा बाजार याच्या उलट आहे. जगातील बहुतांश तूर भारतातच पिकते आणि भारतातच शिजते. मोझांबिक, मलावी, म्यानमार येथील शेतकरीही ती मुख्यतः आपल्यासाठी पेरतात. त्यामुळे इथे चीनच्या खरेदीपेक्षा दिल्लीतल्या अधिसूचनेकडे लक्ष ठेवावे लागते. मे २०२१ मध्ये तुरीच्या आयातीवरील प्रमाणाची मर्यादा उठली आणि त्या सवलतीची मुदत वारंवार वाढत गेली. २०२३-२४ मध्ये क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलेली तूर २०२५ च्या आरंभी ७,५५० च्या हमीभावाखाली आली. कुटुंबाचे उत्पन्न वाढले की वाढीव खर्च डाळीपेक्षा दूध, अंडी आणि मांसाकडे अधिक जातो, म्हणून तुरीची मागणी उसळी घेणार नाही. पण ती ढासळणारही नाही. त्यात केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात शेतकरी देऊ करतील तेवढी तूर चार वर्षे खरेदी करण्याची ग्वाही दिली आहे. अर्थात, खरेदी केंद्रावर वेळेत नोंदणी झाली आणि माल निकषांत बसला, तरच तिचा उपयोग.

रानातला फरक माझ्या मते बाजाराइतकाच निर्णायक आहे. सोयाबीन १०० दिवसांच्या आसपास निघते आणि त्याच जमिनीत हरभरा घेता येतो. तूर सोयाबीनपेक्षा दीड महिना किंवा त्याहून अधिक काळ जास्त रान अडवते, म्हणून तिची तुलना एकट्या सोयाबीनशी न करता सोयाबीन अधिक हरभरा या जोडीशी करावी. उलट, ऑगस्टमधील पावसाचा खंड तुरीची खोल मुळे सोसतात, तर शेंगा भरणीतल्या सोयाबीनला तो मारक ठरतो. काढणीच्या वेळी पाऊस आला तर सोयाबीनचा दाणा डागाळतो आणि ओलाव्यापोटी भाव कापला जातो. तुरीचे खरे शत्रू म्हणजे मर (झाड वाळवणारा रोग), वांझ रोग (झाडाला फुले-शेंगा न येऊ देणारा) आणि शेंगा पोखरणारी अळी.

हरभऱ्याला एक-दोन पाणी देण्याची सोय असेल, तर सोयाबीन सोडण्याचे कारण मला दिसत नाही. पाणी अजिबात नसेल आणि जमीन मध्यम ते भारी, निचऱ्याची असेल, तर सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी हे परभणीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले आंतरपीक मी सर्वांत आधी सुचवेन, कारण पेंड आणि डाळ यांचे भाव वेगवेगळ्या कारणांनी हलतात. ज्या रानात पाणी साचते किंवा मर वारंवार येते, तिथे निव्वळ तूर टाळावी. आंतरपीक घेतानाही बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ सारखे मर व वांझ रोगाला तोंड देणारे, लवकर येणारे वाणच निवडावे.