लेग प्रेस: पिनवाली, प्लेटवाली की उभी? माझं मत

लेग प्रेस म्हणजे पायांनी वजन ढकलायची मशिन. जिममध्ये कोणी "लेग प्रेसला तीनशे किलो मारतो" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या मशिनवर? कारण ते कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नाही. ठाण्यातल्या आणि कामानिमित्त पुण्यातल्या बऱ्याच जिम फिरून झाल्यात, वेगवेगळ्या प्रकारच्या मशिनी वापरून झाल्यात, मेंबरशिप घ्यायच्या आधी कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त हवा असते ती 45 डिग्रीवाल्या प्लेटलोडेडची. तिरके रूळ, त्यावर सरकणारा स्लेड (पायांनी ढकलायचा सांगाडा), दोन्ही बाजूंना प्लेटा लावायच्या आणि व्हिडिओ काढायचा. आता गंमत बघा, 45 अंशाच्या उतारावर वजनाचा साधारण 71 टक्के भागच पायावर येतो, म्हणजे 200 किलो लावले तर खरा भार 141 च्या आसपास. त्यात रिकाम्या स्लेडचं वजन धरायचं राहतं, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि ट्रेनरला विचारलं तर तो खांदे उडवतो 😄 शिवाय रूळ कोरडे असतील तर ढकलताना जड आणि खाली आणताना हलकं लागतं, म्हणजे नेमकं जिथे मांड्यांना काम पडायला हवं तिथे मशिनच थोडं वजन धरून ठेवतं. चांगल्या बेअरिंगची मशिन मिळाली तर मात्र हिला तोड नाही, वजन हळूहळू वाढवत नेता येतं, पाय ठेवायला मोठी जागा असते, वर ठेवले की कुल्ले आणि मांडीच्या मागच्या बाजूला जास्त लागतं, खाली ठेवले की पुढच्या मांड्यांना (फार खाली नको, टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बोंबलतात).

पण हिचा खरा प्रॉब्लेम कंबर आहे. गुडघे छातीकडे जास्त आणले की पार्श्वभाग सीटवरून सुटतो, कंबर गोल होते, आणि वर दोनशे किलो. म्हणून पाठीचा पॅड मागेपुढे होतो का ते आधी बघा. एका जिममध्ये तो बोल्ट गंजून कायमचा एकाच जागी बसला होता, उंच माणूस त्यात चेपूनच निघायचा.

पिनवाली, म्हणजे बसून पाय समोर ढकलायची, वेट स्टॅकवाली (वजनाच्या पट्ट्या एकावर एक, हव्या त्या पट्टीत पिन घालायची), हिला पोरं "काकूंची मशिन" म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. पाठ टेकलेली, पिन बदलली की वजन बदललं, एकटे असलात तरी अंगावर काही पडायची भीती नाही, गुडघ्याचं दुखणं काढून परत येणाऱ्याला (डॉक्टरने हो म्हटल्यावर) सुरुवात करायला याहून बरं काही नाही. पुलीचं गणित मात्र प्रत्येक कंपनीचं निराळं, त्यामुळे एका जिमचे 100 दुसऱ्या जिममध्ये 60 सारखे लागू शकतात, तेव्हा वही एकाच मशिनची ठेवा. तोटा एवढाच की पाय तयार झाले की स्टॅक संपतो. मग एका पायाने करा, काम भागतं.

उभी मशिन, म्हणजे जमिनीवर पाठ टेकून पाय थेट छताकडे, ही स्वस्तात आणि कमी जागेत बसते म्हणून छोट्या जिममध्ये दिसते. इथे लावलेलं वजन पूर्ण अंगावर, 71 टक्के वगैरे सूट नाही, आणि कंबर गोल व्हायची हीच सगळ्यात मोठी गुन्हेगार. सेफ्टीचे अडसर धड नसतील तर तिच्याखाली झोपूच नका. ब्लड प्रेशरवाल्यांनी तर लांबच राहा.

प्रेशरचा विषय निघालाच तर, 1985 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी काही बॉडीबिल्डरच्या धमनीत नळी घालून व्यायाम करताना प्रेशर मोजलं होतं, दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी 320/250 आलं आणि एकाचं तर 480/350 च्या वर गेलं! अर्थात ते अगदी जोर लावून, श्वास कोंडून. पण ढकलताना श्वास सोडा असं ट्रेनर का ओरडतात ते यातून कळतं, कुठल्याही मशिनवर.

राहिली लिव्हरवाली, हॅमर स्ट्रेंथ कंपनीची दोन्ही पायांना वेगळे हात (म्हणजे दांडे) असलेली मिळाली तर जरूर बसा. रूळच नाहीत, हात कमानीत फिरतो, त्यामुळे घासणं नावालाच, आणि डावा पाय किती कामचोर आहे ते पहिल्याच सेटला समजतं. मला सगळ्यात आवडलेली हीच, पण महाग असल्यामुळे मोठ्या जिम सोडल्या तर क्वचित दिसते.

तर रोजच्या साध्या माणसाला पिनवाली, वजन वाढवायचंय त्याला चांगल्या बेअरिंगची 45 डिग्री, सोसायटीच्या जिमसाठी घेत असाल तर डोळे मिटून पिनवाली, कारण तिथे ट्रेनर नसतो आणि प्लेटा कोणी जागेवर ठेवत नाही. आणि ट्रायलला गेलात की रिकामा स्लेड दोनदा वरखाली करा, स्टॉपर नीट लागतोय का ते हाताने हलवून बघा, मगच फीचं बोला.