कोलंबसचं इन्फंट्री म्युझियम: एका माणसाचा माग काढत बघा

अटलांटापासून दोनेक तासांवर कोलंबस आहे (जॉर्जियातलं, ओहायोतलं नव्हे, जीपीएस टाकताना बघा), तिथे फोर्ट बेनिंग या आर्मी बेसच्या गेटबाहेरच हे नॅशनल इन्फंट्री म्युझियम आहे, म्हणजे अमेरिकन पायदळाचं. २००९ साली उघडलेली बिल्डिंग, तिकीट नाही, डोनेशन द्यायचं, आणि हात आखडता घेऊ नका कारण आतलं काम खरंच त्या तोडीचं आहे.

आत लास्ट हंड्रेड यार्ड्स नावाचा रॅम्प आहे, तोच या जागेचा जीव. चालत जायचं आणि दोन्ही बाजूंना यॉर्कटाउन (स्वातंत्र्ययुद्ध), अँटिटम (यादवी युद्ध), ओमाहा बीच (दुसरं महायुद्ध), कोरिया, व्हिएतनाम, इराक असं एकामागून एक युद्ध पुतळ्यांमधून उभं केलंय, माणसाएवढे पुतळे, चेहरे इतके खरे की माझ्या मुलाने एकाला चक्क हाय केलं. बहुतेक लोक इथे फोटो काढतात आणि दहा मिनिटांत पुढे सटकतात. तसं करू नका. जायच्या आधी व्हिएतनामात लढलेल्या बेसिल प्लम्ली या सैनिकाबद्दल थोडं वाचून जा आणि मग हा रॅम्प चढा, सगळं वेगळंच दिसतं.

हा माणूस वेस्ट व्हर्जिनियाच्या रॅले काउंटीत १९२० साली जन्मला, बाप कोळशाच्या खाणीत, घरात सहा पोरं. १९४२ मध्ये आर्मीत भरती झाला आणि ३२ वर्षं तिथेच, साध्या शिपायापासून कमांड सार्जंट मेजरपर्यंत, म्हणजे ऑफिसर न होता जिथवर चढता येतं तिथवर. रॅम्पवर व्हिएतनामचा जो भाग आहे तो एलझी एक्स-रेचा (एलझी म्हणजे लँडिंग झोन, हेलिकॉप्टर उतरायची जागा), इया ड्रांग खोरं, नोव्हेंबर १९६५. हेलिकॉप्टरमधून टप्प्याटप्प्याने एका अमेरिकन बटालियनची साडेचारशेच्या आसपास माणसं उतरली आणि चहूबाजूंनी घेरली गेली. त्या बटालियनचा सार्जंट मेजर हाच, तेव्हा पंचेचाळिशीचा, आजूबाजूची निम्मी पोरं त्याच्या मुलांच्या वयाची असतील. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. पुतळ्यांतल्या एकाच्याही तोंडावर शौर्य-बिर्य असं काही नाहीये, थकवा आणि घाई आहे, आणि मला वाटतं ज्याने कोणी हे बनवलं त्याला विषय कळलाय.

एक सांगायला हवं. या माणसाभोवती दंतकथा फार आहेत, नेटवर तर त्याला देव करून ठेवलाय. नंतर लोकांनी सरकारी रेकॉर्ड मागवून तपासलं तेव्हा त्याच्या नावावर सांगितली जाणारी काही पदकं आणि काही कामगिऱ्या यांचा मेळ बसेना, यावर बरीच वादावादी झाली. इया ड्रांगबद्दल मात्र कोणी शंका घेत नाही. मला तर हे कळल्यावर तो जास्त खरा वाटायला लागला, तुम्हाला राग येईल कदाचित, चालेल.

रिटायर झाल्यावर तो इथेच कोलंबसमध्ये राहिला, आर्मीच्याच हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं नोकरी केली, खाणीच्या गावाला परत गेला नाही. २०१२ मध्ये वारला, पुरलाय बेसच्या आतल्या कबरस्तानात, तिथे मात्र पास काढल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. आणि हो, बेसचं नाव बघून गोंधळू नका, २०२३ ला फोर्ट मूर केलं होतं (त्याच लढाईतल्या प्लम्लीच्या कमांडरच्या आणि कमांडरच्या बायकोच्या नावाने), २०२५ ला परत बेनिंग झालं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून गेलात तर वेगळंच नाव सापडेल.

म्युझियमच्या बाहेर वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम मेमोरियलच्या भिंतीची छोटी प्रतिकृती आहे, ती चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या लाकडी बराकी पण आहेत, त्या ठीक, उन्हात जाऊ नका. मोठ्या स्क्रीनचं थिएटर वेळ उरला तरच.

आता जोडीला एक जागा, लांब आहे पण वेस्ट व्हर्जिनियाकडे कधी जाणं झालंच तर. बेकलीला जुनी कोळशाची खाण लोकांना दाखवतात, प्लम्लीचं गाव तिथून जवळच. छोट्या गाडीत बसवून डोंगराच्या पोटात नेतात आणि गाइड म्हणजे खाणीत आयुष्य काढलेली माणसं. आमच्या गाइडने कुशीवर आडवं होऊन दाखवलं की कोळशाचा थर कमी उंचीचा असेल तर कुदळ कशी मारायची, गुडघ्यावरसुद्धा बसता येत नाही, आणि पगार काढलेल्या कोळशाच्या टनावर, म्हणजे दगड उपसण्यात गेलेला वेळ फुकट. वर कंपनीचं घर ठेवलंय, एकेकाळी भाडं कंपनीला, किराणा कंपनीच्याच दुकानात आणि पैसे पण कंपनीने छापलेले टोकन. हे बघितल्यावर आर्मीचा महिन्याचा रोख पगार आणि वेळेवर जेवण त्या पोरांना काय वाटत असेल याचा अंदाज येतो, देशप्रेम असेलच पण हेही होतं. आत उन्हाळ्यातही १४ डिग्री असतं, जॅकेट न्या, आणि हिवाळ्यात खाण बंद असते.

म्युझियमला पाचपैकी साडेचार. दहा वर्षांखालच्या मुलांना रॅम्पवरचे आवाज जड जाऊ शकतात. आई-बाबांना नेणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा, जागोजागी निवृत्त सैनिक व्हॉलंटिअर म्हणून उभे असतात आणि त्यांना एक प्रश्न विचारला की अर्धा तास तिथेच जातो. सोमवार सोडून जा, तरी निघायच्या आधी वेबसाइट बघाच.