कॅम्परव्हॅनची हाऊस बॅटरी: पाण्याची ट्यूब्युलर की लिथियम?

ट्रॅव्हलरसारखी गाडी कॅम्परव्हॅन म्हणून तयार करताना मागचा फ्रिज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप चालवायला बहुतेकांसमोर दोनच बॅटऱ्या येतात. एक 150 एएचची (अँपियर-अवर, साठवलेल्या विजेचं माप) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची लेड-ऍसिड बॅटरी, दुसरी 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट. आकडे वेगळे दिसले तरी जोडी बरोबरीची आहे. ट्यूब्युलर वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणजे हाती येतात 75 एएच. लिथियममधून 80-85 बिनघोर काढता येतात. 40-45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला 30-40 एएच खातो, बाकी सगळं मिळून आणखी 20. एक दिवस आणि एक रात्र दोन्हींवर निघते. तेव्हा क्षमतेचा वाद बाजूला ठेवून देखभालीचं बघू.

ट्यूब्युलरला हल्ली उगाच मोडीत काढलं जातं, म्हणून तिची बाजू आधी. ती कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, जुनी देऊन नवी घेता येते आणि बिघडली तर काय बिघडलं ते कळतं. हायड्रोमीटरने (ऍसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासायचे. पूर्ण चार्जला आकडा 1.240च्या आसपास हवा. पाच सेल 1.230 दाखवतायत आणि एक 1.150वर अडकलाय, तर तो सेल गेला. चार्जरच्या बाबतीतही ती सोशिक आहे. व्होल्टेज थोडं वर गेलं तर पाणी जास्त उडतं, पण बॅटरी बंद पडत नाही. स्पिती-लडाखच्या थंडीत ती सावकाश का होईना, चार्ज घेते. पूर्ण भरलेली असेल तर गोठतही नाही. रिकामी मात्र ठेवू नका, उणे 8-10 अंशांत आतलं ऍसिड गोठून डबा फुटू शकतो.

आता ती कटकट, जिच्यामुळे माझा कौल फिरला: पाणी घालणं.

घरच्या इन्व्हर्टरला पाणी घालायला पाच मिनिटं पुरतात. गाडीत तसं होत नाही. ट्यूब्युलर फ्लोटसकट (प्लगमधला पाण्याची पातळी दाखवणारा तरंगक) 40-42 सेंटिमीटर उंच असते आणि बेडखालचा खण साधारण 45चा. बॅटरी आत बसते, पण वर जेमतेम दोन बोटं जागा उरते. गादी उचलून प्लायवूडची फळी काढायची. बॅटरी लांबीने आत सरकवलेली असते, त्यामुळे पुढचे तीन फ्लोट दिसतात आणि मागचे तीन आरसा-टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाहीत. नरसाळं मावत नाही, वाकड्या नळीची बाटली लागते. नीट बघायचं तर 55-60 किलोचं धूड बाहेर ओढावं लागतं. त्यात फ्लोटवर भरवसा ठेवता येत नाही. खड्ड्यांतून उडालेल्या ऍसिडने त्याची दांडी चिकटते आणि पातळी खाली गेली तरी फ्लोट वरच दिसतो. प्लग काढून आत डोकावणं हाच खरा उपाय.

पाणी इतकं उडतं का, याची कारणं गाडीतच आहेत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या खणात 45 अंशांच्या वर तापमान जातं. लेड बॅटरीला गरम हवेत कमी चार्जिंग व्होल्टेज लागतं, 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण 0.02 ते 0.03 व्होल्टने कमी. पण सोलर पॅनलवरून होणारं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर दुसऱ्या कोपऱ्यात असतो आणि बॅटरीवर सेन्सर लावलेला नसतो. मग तो 14.4 व्होल्ट देतच राहतो आणि पाणी वायू होऊन जातं. बॅटरी जुनी झाली की धन प्लेटमधला अँटिमनी ऋण प्लेटवर जमतो आणि हे आणखी वाढतं. माझ्या अनुभवात उन्हाळ्यात महिन्याला सहा सेल मिळून अर्धा ते एक लिटर धरून चालावं.

ट्यूब्युलर ठेवणार असाल तर क्रम सांभाळा. आधी चार्ज, मग पाणी, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर ऍसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकंच पाणी आधी घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. ऍसिड कधीही घालायचं नाही. आरओचं पाणी आणि एसीच्या नळीतून गळणारं पाणी ही दोन्ही डिस्टिल्ड वॉटर नव्हेत. पहिल्यात क्षार उरतात, दुसऱ्यात धूळ आणि धातूचे कण.

पाण्यामागोमाग वायू येतो. चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला की ठिणगीला पेट घेऊ शकतो. बॅटरी झाकणबंद पेटीत हवी आणि पेटीच्या सर्वांत वरच्या भागातून नळी गाडीबाहेर काढलेली हवी. त्याच वायूबरोबर ऍसिडचे तुषार येतात आणि टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढतं. खणातल्या बिजागऱ्या आणि स्क्रूसुद्धा गंजतात. प्लग घट्ट लावून, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आवळण्याआधी लावू नये.

लिथियममध्ये यातलं काहीच नाही. 100 एएचची बॅटरी 11-13 किलोची, एका हाताने उचलते आणि आडवीही बसते. कामं उरतात तीन. नवी बसवल्यावर ताम्हिणीसारखा एखादा घाट चढून-उतरून झाला की लग पुन्हा आवळा. कंपनाने पहिल्यांदा तेच सैल होतात. मग 30 अँपियरचा लोड दहा मिनिटं चालू ठेवून लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर क्रिंपिंग (लग वायरवर दाबून बसवणं) कच्चं आहे. कोकण किनाऱ्यावर जास्त फिरत असाल तर कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे लग घ्या, खाऱ्या हवेत उघडं तांबं काळवंडतं.

दुसरं काम शंट मीटर, म्हणजे बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजणारा मीटर, बसवण्याचं. व्होल्टमीटर इथे फसवतो, कारण बॅटरी 80 टक्के असो की 40, आकडा 13.3 ते 13.1च्या आसपासच राहतो. तिसरं काम म्हणजे महिन्यातून एकदा 14.2 ते 14.4 व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज करायचं. आतले चार सेल एकमेकांशी समान होतात ते बहुधा अगदी शेवटच्या टप्प्यात. ते राहून गेलं तर एक सेल आधी भरतो आणि बीएमएस (सेल सांभाळणारं बॅटरीतलं सर्किट) सगळ्या बॅटरीचं चार्जिंग थांबवतो.

लिथियमचा खरा दोष म्हणजे बीएमएस गेला तर अख्खी गाडी अंधारात, आणि रस्त्यावरचा बॅटरीवाला त्यात हात घालू शकत नाही. शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं, सेलच्या आत लिथियम धातू साचून कायमचं नुकसान होतं. हिमालयात हिवाळी मुक्काम असतील तर हीटरवाली घ्यावी, नाहीतर ट्यूब्युलरच बरी.

अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून) चार्ज करताना दोघींचा हिशेब वेगळा. रिलेने (आपोआप लागणाऱ्या-सुटणाऱ्या स्विचने) थेट जोडलेली लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि ट्रॅफिकमध्ये कमी आरपीएमला अल्टरनेटर तापतो. म्हणून करंटला मर्यादा घालणारा 20-30 अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, हा फक्त लिथियमचा वरखर्च धरला जातो. पण अनेक बीएस-6 गाड्यांत अल्टरनेटर लोडप्रमाणे व्होल्टेज खाली आणतो, तिथे रिले सुटतो आणि ट्यूब्युलरही अर्धवटच भरते. नव्या गाडीत हा चार्जर दोन्हींना लागतो. मग दोन तास गाडी चालवली की 30 अँपियरने लिथियममध्ये 60 एएच जातात. 150 एएचच्या ट्यूब्युलरला 15-20 अँपियरच मानवतात आणि शेवटचे 20 टक्के भरायला तीन-चार तास मंद चार्जिंग लागतं. प्रवासात ते क्वचित मिळतं, म्हणून ती कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर क्षमता खाणारं सल्फेट बसत जातं.

किंमत लिथियमची साधारण दुप्पट-अडीचपट. वर्षातून चार-पाच सहली, खणात हात सहज जाईल अशी रचना आणि इंडक्शनचा वापर नाही, असं असेल तर ट्यूब्युलरवर भागू शकतं. इंडक्शन चालवायचं असेल तर 1000 वॉटला 90-100 अँपियर जातात, ट्यूब्युलरचं व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. बेडखाली बॅटरी आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणं, असं असेल तर माझ्या मते जास्तीचे पैसे वसूल होतात.

पावसाळ्यात गाडी जुलै ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहते तेव्हाही फरक कळतो. ट्यूब्युलरला पंधरा दिवसांनी चार्जर लावावा लागतो; 12.4 व्होल्टखाली पडून राहिली की सल्फेट बसलंच. लिथियम 50-60 टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करायचा, शंट आणि ब्लूटूथची बारीक वायरसुद्धा सोडायची, आणि गणपतीच्या आधी एकदा वायर जोडून मीटर बघायचा.