एकाच ब्राउझरमध्ये पान बिघडलंय: कॅशे पुसावा की खासगी विंडो उघडावी?

फायरफॉक्समध्ये पान नीट, क्रोममध्ये मात्र मेनू मजकुरावर चढलेला. आधी काय करावं?

वेळ दोन्हींना मिनिटभरच. फरक नुकसानात आणि निदानात. कंट्रोल+शिफ्ट+डिलीटने कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या साइटच्या जुन्या फाइली) पुसताना कुकीजवरची (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींवरची) खूण राहिली, तर साइट्सवरून लॉगआउट व्हाल. एवढं करून पान सुधारलं नाही, तर दोष एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा) की सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलचा), हे कळत नाहीच.

खासगी विंडो (कंट्रोल+शिफ्ट+एन) जुना कॅशे, कुकीज वापरत नाही. तिथे चालण्याची मुभा दिली नसेल तर एक्स्टेंशन्सही बंद. तिथे पान नीट दिसलं, की नेहमीच्या विंडोत एक्स्टेंशन्स एकेक बंद करून पाहा, जाहिराती रोखणारं सगळ्यात आधी.

कारणच माहीत नसेल, तर खासगी विंडोच बरी. साइट नुकतीच बदललीय आणि जुनी सीएसएस अडकलीय अशी ज्यांना शंका आहे, त्यांनी कॅशे पुसावा. त्याआधी कंट्रोल+एफ५ (कॅशे न वापरता पान पुन्हा उघडणं) दाबून पाहावं.