सावंतवाडीची लाकडी फळं, चितार आळीतल्या एका घरची

२०२० सालची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोरोनामुळे कुडाळजवळच्या आमच्या घरी जायचं तर आधी दहा दिवस विलगीकरणात काढायचे, आणि तेवढी रजा आम्हा दोघांनाही नव्हती. पूजा चुलतदिरांनी केली, दर्शन आम्ही व्हिडिओ कॉलवर घेतलं. पण माटवीशिवाय, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीशिवाय, चतुर्थी मला घशाखाली उतरेना. डोंबिवलीत कवंडळं, हरणं असली रानफळं-रानफुलं कुठून आणणार? जाऊबाईंनी चितार आळीतल्या एका घराचा नंबर दिला. तेव्हापासून लाकडी फळं मी तिथूनच मागवते.

पहिल्या खेपेला बारा फळं आली. आंबा देठाशी हिरवा, खाली केशरी. रंग कुठे बदलला ते डोळ्यांना दिसतं, बोटांना लागत नाही. काजूचं बोंड लाल आणि बी वेगळी कातून खाली बसवलेली. सीताफळाचा डोळा न् डोळा कोरलेला. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, त्यामुळे सगळी फळं टांगूनही सुतळी खाली आली नाही. आज इतक्या वर्षांनीही रंगाचा टवका उडालेला नाही. त्यांच्याकडूनच घेतलेल्या भातुकलीतल्या जात्याचा खुंटा मात्र लेकीने ओढून काढला, तो त्यांनी नवीन पाठवला, पैसे घेतले नाहीत.

एक उणीव सांगते. केळ्यांचा पिवळा आणि आंब्याचा पिवळा जुळत नाही. फोनवर त्या घरच्या काकूंना विचारलं, तेव्हा कळलं की केळी शेजारच्या घरात रंगवली होती. त्या वर्षी एप्रिल-मेचा पर्यटकांचा हंगाम पूर्ण बुडाला, आळीतली दुकानं बंद. मग कुणा एकाला फोनवर मागणी आली की ती दोन-तीन घरांत वाटून घ्यायचे. हे कळल्यावर त्या पिवळ्याबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही.

काकांनी गावाकडची कैक वर्षं पड असलेली शेती त्याच जूनमध्ये पुन्हा केली. मजूर मिळेनात, म्हणून भावकीने सावड घातली. आज यांच्या वाफ्यात लावणी, उद्या त्यांच्या. काकू म्हणाल्या, ‘‘गिऱ्हाईक येवंदे नायतर न येवंदे, पाऊस तर येतलोच.’’ दिवसा चिखलात आणि रात्री ब्रश हातात, असं अख्खं घर राबलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. दिवाळीनंतर त्यांनी पाच किलो लाल उकडे तांदूळ पाठवले. पेज इतकी दाट आणि चवदार झाली की सासूबाईंनी पहिल्यांदाच दुसरी वाटी मागितली. आता दरवर्षी तेही मागवते.

किंमत बाजारातल्या प्लास्टिकच्या फळांपेक्षा बरीच जास्त आहे. घासाघीस करू नका. एकेक फळ कातायचं, पॉलिश पेपरने घासायचं, मग रंगाचे हात द्यायचे, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. पावसात तर रंग वाळता वाळत नाही. त्यात जुलैमध्ये सगळे शेतात. एकदा मी उशिरा सांगितलं, तेव्हा फळं चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी हातात पडली. म्हणून चतुर्थीसाठी हवी असतील तर मेमध्येच सांगा. माझी यंदाची मागणी गेली आहे, आणि फणस जरा मोठा करा म्हणून बजावलं आहे.